उरलेल्या ग्लिसरिनाचें काय करावें?

खोकल्याच्या औषधांत व साबणांत असणारें ग्लिसरीन आमच्या वाचकांस परिचित असेलच. १७७९ सालीं स्वीडनमधील शेले या रसायनशास्त्रज्ञानें ऑलिव्हचें तेल मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडाबरोबर, तापविलें, तेव्हां हा गोड व चिकट द्रव प्रथम हातीं आला. धातूंच्या ऑक्साइडांशीं ग्लिसरिनाचें नातें असें जन्मापासूनचें आहे.

पूर्वीं तें मुख्यत्वें साबणाच्या कारखान्यांतून मिळे व त्यास चांगलें मोल येई. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तेलांपासून बायोडिझेल करण्याचा उद्योग वाढला आणि स्थिति पालटली. १०० किलो बायोडिझेलामागें सुमारें १० किलो ग्लिसरीन निघतेंच, मग तें कोणास हवें असो वा नसो. शिवाय तें निर्मळ नसतें. तेल व मिथेनॉल यांची क्रिया घडविण्यास बहुधा कॉस्टिक सोड्यासारखी अल्कली घालतात. ती द्रवांत मिसळून जाते, आणि शेवटीं मीठ, साबण व उरलेलें मिथेनॉल हीं सारीं ग्लिसरिनांत येऊन बसतात.

या ग्लिसरिनापासून मोलाचे पदार्थ करण्यासाठीं घन उत्प्रेरक योजितात. स्वतः न संपतां रासायनिक क्रिया त्वरेनें घडवून आणतो तो उत्प्रेरक. तो घन असला म्हणजे गाळून पुन्हा वापरतां येतो. टंगस्टनचा ऑक्साइड झिर्कोनियमच्या ऑक्साइडावर बसवून त्यावरून सुमारें ३०० अंश उष्णतेस ग्लिसरिनाची वाफ नेली, कीं तिच्या प्रत्येक रेणूंतून पाण्याचे दोन रेणू निघून जातात व ॲक्रोलीन उरतें. कढईंत तेल करपल्यावर नाकाडोळ्यांस झोंबतो तो वास याच ॲक्रोलिनाचा. त्यापासून ॲक्रिलिक आम्ल होतें, आणि त्यापासून रंग व तान्ह्या मुलांच्या लंगोटांतील पाणी शोषणारी भुकटी. परंतु कांहीं तासांतच उत्प्रेरकावर कोळशाचा थर चढतो व तो जाळून काढावा लागतो. दुसरीकडे, तांबें व क्रोमियम यांच्या ऑक्साइडांवर हायड्रोजनाच्या साहाय्यानें प्रोपिलीन ग्लायकॉल मिळतें. क्रोमियमचीं कांहीं संयुगें विषारी असल्यामुळें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं क्रोमियमाऐवजीं ॲल्युमिनियम घेऊन असे उत्प्रेरक तयार केले. हें आम्हांस विशेष शहाणपणाचें वाटतें.

तथापि अशा शोधांच्या वार्तांत एक गोष्ट बहुधा दडून राहते. प्रयोग पुष्कळदां बाटलींतील शुद्ध ग्लिसरिनावर केलेला असतो. कारखान्याच्या पिंपांत मात्र मिठानें भरलेला तपकिरी द्रव असतो, आणि तें मीठ चांगल्या उत्प्रेरकासही निकामी करतें. आमचें मत असें, कीं मलिन ग्लिसरीन सुधारण्यापेक्षां तें मलिनच होऊं न देणें अधिक श्रेयस्कर. म्हणजे बायोडिझेल करतांनाच घन ऑक्साइड वापरावा. फ्रान्समधील सेत येथें २००६ सालीं अशा पद्धतीचा कारखाना सुरू झाला. तेथें जस्त व ॲल्युमिनियम यांच्या संयुक्त ऑक्साइडाची योजना केलेली होती, आणि ९८ टक्क्यांहून शुद्ध ग्लिसरीन हें या पद्धतीचें फळ होय. मात्र कोणताही ऑक्साइड चालेल असें नव्हे. कळीचा चुना स्वस्त खरा, पण तो मिथेनॉल व ग्लिसरीन यांत थोडाथोडा विरघळतो. मग त्याला घन तरी कसें म्हणावें?

हा प्रश्न केवळ फ्रान्सचा नाहीं. भारत सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणानें २०३० पर्यंत डिझेलमध्यें ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचें लक्ष्य ठेविलें आहे. तें साधलें, तर ग्लिसरिनाचीं पिंपें आपल्याही दारीं येतील.

घन उत्प्रेरकास अधिक उष्णता, अधिक दाब आणि स्वच्छ तेल लागतें. हॉटेलांतील तळणाचें तेल गोळा करणाऱ्या लहान कारखानदारास तें कसें परवडावें, असें कोणी विचारील. ही अडचण खरी आहे, व तूर्त त्याचा कॉस्टिक सोडा सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु खारट ग्लिसरीन शुद्ध करण्यास किंवा दूर नेऊन टाकण्यास जो खर्च येतो, तो सोड्याच्या भावांत कधींच धरलेला नसतो. तो धरून मग कोणती रीत स्वस्त तें ठरवावें.