आशा हाताने घडवावी लागते

छातीत धडधड, रात्री दोन वाजता उघडणारे डोळे, जेवणानंतर जळजळ, घरातल्यांवर उगाच चिडचिड. ईसीजी ठीक, साखर ठीक, थायरॉइडही ठीक. अशा रुग्णाला जरा बोलते केले की बरेचदा खरे कारण बाहेर येते. बातम्या बघवत नाहीत आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही. कुणाला एका पक्षाची भीती वाटते, कुणाला दुसऱ्या. कुणाची झोप युद्धाच्या बातम्यांनी उडालेली असते, तर कुणाच्या घरात राजकारणावरून भावाभावांचे बोलणे बंद झालेले असते. यात कोणाचे बरोबर, हे ठरवणे वैद्यकशास्त्राचे काम नाही. पण दोन्ही बाजूंची माणसे शेवटी एकच वाक्य बोलतात, ‘आपल्या हातात काय आहे?’ ते वाक्य मात्र डॉक्टरांनी नीट ऐकावे असे आहे. काळजी राजकारणाची असली तरी शरीराला पोखरते ती ही असहायता.

असहायतेवर गेली साठेक वर्षे अभ्यास सुरू आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोघांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. ज्या कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण काहीही केले तरी ते थांबवता येत नसत, ती कुत्री पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असूनही बहुधा जागीच पडून राहत. यावरून निष्कर्ष निघाला की प्राणी असहायता ‘शिकतो’. पण जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपला निष्कर्ष उलटा करून मांडला. दीर्घ संकटात गळून जाणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने काही फरक पडतो’ हे. ते एकदा शिकले की कपाळामागचा मेंदूचा भाग खोलवरच्या, गळाठा आणणाऱ्या केंद्राला आवर घालतो. ज्या उंदरांना आधी एकदा स्वतःच्या कृतीने त्रास थांबवता आला, ते पुढे हाताबाहेरच्या त्रासातही तितके गळत नाहीत, असेही आढळले.

याचा साधा अर्थ असा की आशा चांगल्या बातमीबरोबर आपोआप घरी येत नाही. ती सवयीने, कृतीने तयार होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी आशेचे दोन भाग सांगितले होते. पोहोचायचे तिथे जायची वाट सुचणे हा एक, आणि त्या वाटेने आपण जाऊ शकू असे वाटणे हा दुसरा. ‘सगळे चांगलेच होईल’ असे म्हणणे म्हणजे आशा नव्हे. वाट सुचायला कल्पनाशक्ती लागते आणि जमेल असे वाटायला काहीतरी करून पाहिल्याचा अनुभव लागतो.

कल्पनाशक्ती कवी-चित्रकारांना मिळालेली खास देणगी आहे, असा आपला समज असतो. मेंदूविज्ञान तसे सांगत नाही. २००७ मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या पाच रुग्णांचा अभ्यास केला. (हेच हसाबिस पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळले आणि २०२४ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) हे रुग्ण जुने विसरत होतेच. पण ‘तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, काय दिसते ते सांगा’ अशासारखे सांगितल्यावर त्यांतल्या बहुतेकांना ते चित्रही सलग उभे करता येईना, सुटे तुकडेच येत. म्हणजे आठवण आणि कल्पना यांची यंत्रणा बरीचशी एकच आहे. उद्याचे चित्र मेंदू कालच्या सामानातूनच रचतो. दिवसाचे चार तास मोबाइलवर जाळपोळ, शिवीगाळ आणि भाकिते पाहिली, तर उद्याचे चित्र रचायला मेंदूकडे दुसरे सामान उरणार कसे?

हे सगळे सुखवस्तू लोकांचे चोचले आहेत, खऱ्या संकटात चित्र काढायला कोण बसतो, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धात मिळते. चेक प्रदेशातल्या तेरेझीन या किल्ल्याच्या गावात नाझींनी १९४१ मध्ये ज्यूंसाठी बंदिवास उघडला. पुढच्या साडेतीन वर्षांत तिथे सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे आणली गेली. त्यांतली तेहतीस हजारांच्या आसपास तिथेच भुकेने आणि रोगांनी मेली, तर त्याहून कितीतरी अधिक पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवली गेली. डिसेंबर १९४२ मध्ये तिथे आलेल्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी मोजक्या सामानात चित्रकलेचे साहित्य बांधून आणले होते. मुलांना कोंडलेल्या इमारतींत त्या चित्रकलेचे वर्ग घेऊ लागल्या. कागद मिळेल तो, कचेरीतले वापरलेले फॉर्मही. मुलांनी फुले काढली, घरचे जेवणाचे टेबल काढले, तशाच छावणीतल्या फळ्यांच्या खाटा आणि पहारेकरीही काढले. प्रत्येकाने चित्रावर स्वतःचे नाव लिहावे, असा बाईंचा आग्रह असे. जिथे माणसाला नंबराने ओळखले जाई, तिथे नाव लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती.

ऑक्टोबर १९४४ मध्ये फ्रीडल यांना आउशवित्झला नेऊन मारण्यात आले. जाण्यापूर्वी सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सूटकेसमध्ये ठेवलेली होती. ती वाचली आणि आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. ती काढणारी बहुतेक मुले वाचली नाहीत. कला मरण टाळते असे कुणी सांगू नये. छळणाऱ्यालाही तिचा वापर करता येतो. याच छावणीत मुलांनी ‘ब्रुंडिबार’ या संगीत नाटकाचे पन्नासहून अधिक प्रयोग केले, आणि १९४४ मध्ये नाझींनी ‘बघा, इथे सगळे किती छान’ हे दाखवण्यासाठी त्याच नाटकाचे चित्रीकरण केले.

मग त्या वर्गांनी साधले काय? भुकेल्या, आईबापांपासून तुटलेल्या मुलाला दिवसात तासभर तरी असा मिळे की काय काढायचे, कोणता रंग, कुठे थांबायचे, हे ते स्वतः ठरवी. असहायतेच्या प्रयोगांत जी गोष्ट हिरावून घेतली होती, नेमकी तीच ही. फ्रीडल यांच्या प्रागमधल्या शिष्या एडिथ क्रेमर १९३८ मध्ये अमेरिकेला निसटल्या आणि चित्रांद्वारे मुलांवर उपचार करण्याच्या शाखेचा त्यांनी तिथे पाया घातला. आज जगभरच्या रुग्णालयांत जी कला-उपचार पद्धती वापरली जाते, तिची एक मुळी अशी थेट त्या शिक्षिकेपर्यंत पोहोचते.

आपल्याकडेही तुरुंगांनी हे पाहिले आहे. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते, मधुमेही होते. मंडालेच्या कैदेत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, पत्नी गेल्याची बातमी त्यांना त्याच कोठडीत कळली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिली. हातातले सगळे काढून घेतल्यावरही काही घडवण्याची जागा या माणसांनी सोडली नाही, आणि सुटल्यावर ती पुन्हा लोकांच्या कामाला लागली.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती टाळली तर हा सल्ला धोक्याचा ठरेल. घराघरांत माया पोहोचवणारे साने गुरुजी १९५० मध्ये स्वतःचे जीवन संपवून गेले. मनाचा आजार लेखणीने बरा होतोच असे नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नको वाटू लागले, तर ते राजकारणामुळे आलेले वैतागलेपण समजून अंगावर काढू नये. ते उपचारांचे काम आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते आणि सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो.

दुसरा इशारा दिवास्वप्नांचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी कल्पनेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. सगळे छान झाले आहे असे नुसते रंगवणाऱ्यांचा उत्साह उलट मावळतो. २०११ मधल्या त्यांच्या एका अभ्यासात अशा रंजनानंतर वरचा रक्तदाबही उतरलेला आढळला, म्हणजे कामाला लागायची शरीराची तयारीच ढिली पडली. याउलट हवे ते चित्र आणि आडवा येणारा अडथळा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले, तर जे शक्य आहे त्यासाठी माणूस जोमाने हालचाल करतो. ‘गावात पाणी यावे’ हे स्वप्न झाले. ‘पाणी यावे, पण योजनेची फाइल कुठे अडली आहे ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून पुढच्या ग्रामसभेत ते विचारायचे’ ही आशा झाली. नुसत्या स्वप्नावर पुढारी निवडून येतात, पाणी मात्र येत नाही.

मग करायचे काय? बातम्या बंद करणे हा उपाय नाही. नागरिकाने डोळे मिटून चालत नाही. पण त्यांना वेळ ठरवून द्यावी, सकाळी वीस मिनिटे, संध्याकाळी वीस मिनिटे, आणि झोपण्याआधीचा तास मोबाइलशिवाय. उरलेल्या वेळातला अर्धा तास हाताने काही घडवण्यात घालवावा. गोधडी शिवावी, रांगोळी काढावी, पेटी शिकावी, कुंडीत मेथी लावावी, नातवाला स्वतः रचलेली गोष्ट सांगावी. ते सुंदर व्हायला हवे असे नाही, त्याचे निर्णय आपले हवेत आणि शक्यतो ते फोटो काढून कुणाला पाठवायचे नसावे. मनात फारच खदखद असेल तर सलग तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटे, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहून काढावे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून या पद्धतीचा अभ्यास केला आहे. तिचा लाभ माफक असतो आणि सर्वांना सारखा होत नाही, पण खर्च वहीपेन्सिलीचाच.

जमल्यास हे चारचौघांत करावे. भजनी मंडळ, हौशी नाटक, सोसायटीतले भित्तिपत्रक, यांत वेगवेगळ्या पक्षांना मत देणारी माणसे एकाच तालावर येतात. तबला चुकला तर तो कोणाच्या पक्षाचा, हे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला उपयोग होतो असे नोंदवले. त्यांतले सगळे अभ्यास सारखे भक्कम नाहीत, हेही खरे. पण ज्या उपायाचे दुष्परिणाम जवळपास नाहीत, त्याला सुरुवात करायला अधिक पुराव्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी एक मागणी. अभ्यासक्रम मागे पडला की अनेक शाळांत पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा जातो, तो गणिताला दिला जातो. काळ कठीण असताना मुलांकडून नेमके तेच काढून घेणे हा उलटा कारभार आहे. पालकसभेत गुणांबरोबर चित्रकलेच्या आणि गाण्याच्या तासाचीही चौकशी व्हायला हवी. सरकारी रुग्णालयांच्या बालविभागांतही औषधांच्या ट्रॉलीशेजारी कागद आणि रंगीत खडूंचा डबा असायला हवा. त्यासाठी नवी योजना लागत नाही. पुढच्या महिन्याच्या मागणीपत्रात एक ओळ वाढवली तरी पुरे.