भौतिकीने कर्करोगाच्या वाटेस जावे

सार्वजनिक विद्यापीठांतील निरनिराळ्या शास्त्रांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन कर्करोगावर संशोधन करावे, या कल्पनेविरुद्ध वारंवार घेतला जाणारा आक्षेप असा की, विद्यापीठाचे काम अध्यापनाचे, रोगनिवारणाचे काम रुग्णालयांचे. आणि पदार्थविज्ञानाचा पंडित, जंतुशास्त्रज्ञ व रसायनज्ञ यांची मोट बांधून निष्पन्न काय होणार, तर एक ना धड भाराभर चिंध्या. त्यात पैसा रयतेचा, म्हणून या म्हणण्याला नीतीचेही पाठबळ लाभल्यासारखे वाटते. दारावर संयुक्त केंद्राची पाटी, आत तीन खात्यांची तीन कुलुपे आणि वर्षाकाठी एक परिषद, असा कारभार ज्यांनी पाहिला आहे त्यांची चीड यथार्थच आहे. परंतु पाटीवरचा राग मूळ कल्पनेवर काढणे हा न्याय नव्हे, आणि मिशिगन राज्य विद्यापीठाचा दाखला समोर असताना तर मुळीच नव्हे.

१८५५ साली शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झालेल्या या संस्थेत १९६० नंतर बार्नेट रोझेनबर्ग हे भौतिकीचे अभ्यासक दाखल झाले. दुभंगणाऱ्या पेशीची चित्रे पाहून त्यांना चुंबकाभोवती जमणाऱ्या लोखंडाच्या किसाच्या रेषा आठवल्या, आणि विद्युत्क्षेत्राचा पेशीविभाजनाशी काही संबंध असेल काय, ही शंका त्यांनी लॉरेटा व्हॅन कँप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सहकारिणीसमवेत कसाला लावली. ई. कोलाय जंतू ज्या द्रवात वाढत होते त्यात प्लॅटिनमचे विद्युदग्र बुडवून प्रवाह सोडला, तेव्हा जंतूंचे विभाजन थांबले, वाढ मात्र थांबली नाही. एरवी आखूड असणारे ते जीव नेहमीच्या तीनशेपट लांबीचे होऊन सूक्ष्मदर्शकाखाली शेवयांसारखे पसरले.

येथे आक्षेपक म्हणतात, हा निव्वळ कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडल्याचा प्रकार. असेना का! फांदी कशाने मोडली याचा तपास कोणी केला, हा खरा प्रश्न आहे. मूळ शंका खोटी ठरली. विद्युत्क्षेत्राने काहीच केले नव्हते. ज्या धातूला सारे निष्क्रिय समजत, तोच अल्पांशाने विरघळून द्रवातील अमोनियम व क्लोराइड यांच्याशी प्रकाशाच्या साहाय्याने संयोग पावत होता, हे रसायनज्ञाच्या मदतीवाचून उमगणे शक्य नव्हते. हे संयुग, म्हणजेच सिस्प्लॅटिन, नवे नव्हते. मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञाने ते १८४४ मध्ये बनविले होते आणि आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये त्याच्या घडणीचा उलगडा केला होता. दोन क्लोरीन अणू शेजारी-शेजारी असले तर ते गुणकारी, समोरासमोर असले तर निरुपयोगी, एवढाच काय तो भेद. शतकाहून अधिक काळ दप्तरात पडून राहिलेल्या या पदार्थाने उंदरांच्या गाठी विरतात, हे १९६९ साली प्रसिद्ध झाले.

यात उथळपणा कोठे आला? भौतिकीचा माणूस वैद्य झाला नाही, जंतुशास्त्रज्ञ रसायनज्ञ झाला नाही. प्रत्येकाने आपली विद्या हट्टाने सांभाळली आणि फक्त शेजाऱ्याचे दार ठोठावले. माणसांवरील चाचण्यांत सिस्प्लॅटिनने मूत्रपिंडे इतकी बिघडू लागली की औषध बाद होण्याची वेळ आली. तेव्हा आधी शिरेतून भरपूर द्रव देण्याची तजवीज वैद्यांनी काढली, आणि ते श्रेय त्यांचेच. पुढे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी इंडियाना विद्यापीठात, म्हणजे दुसऱ्या एका सार्वजनिक विद्यापीठातच, १९७४ पासून इतर औषधांच्या जोडीने ते वृषणाच्या कर्करोगावर वापरले; शरीरभर पसरल्यावर जो रोग बहुधा जीव घेई, तो आज शंभरांतील सुमारे ऐंशी रुग्णांत बरा होतो. १९७८ मध्ये अमेरिकन सरकारने परवाना दिला. मुंबईच्या टाटा रुग्णालयात तोंडाच्या व घशाच्या कर्करोगावर किरणोपचारांच्या जोडीला हेच औषध देतात.

रुग्णालयानेच हे शोधले असते, असे म्हणणाऱ्यांनी त्या मूळ प्रयोगाचा अर्ज मनाशी लिहून पाहावा. कर्करोगाशी संबंध या रकान्यात रोझेनबर्गांना लिहिण्याजोगे अक्षरही नव्हते, आणि रुग्णांच्या रांगेने गांजलेल्या अधिकाऱ्याने जंतूंच्या काचपात्रासाठी मंजुरी देणे हाच उलट कर्तव्यलोप ठरला असता.

राहिला रयतेच्या पैशाचा जाब. एकस्वाच्या हक्कामुळे या औषधाचे स्वामित्वशुल्क विद्यापीठाच्या संशोधननिधीत वर्षानुवर्षे जमा होत राहिले. तिजोरीला खार लागल्याची ओरड करणाऱ्यांनी ही रक्कमही वहीत मांडावी. तथापि माझा पक्ष मी या उत्पन्नावर उभा करीत नाही. बहुतेक शंकांतून औषध निघत नाही, महसूल तर नाहीच. त्या शंकांचाही खर्च विद्यापीठाने सोसावा, अशी माझी मागणी आहे.