काच पुसून काय होणार?

देवळाली कॅम्पच्या थंडीत सकाळी बादलीभर कढत पाणी म्हणजे स्वर्गच! पण परवा हॉस्टेलच्या नळाला कोमट पाणी आलं आणि सगळ्यांनी पेलेटवाल्याच्या नावानं शंख केला. बॉयलरवाले काका बिचारे भट्टीच्या दाराची काच रोज पुसतात, दुसऱ्या दिवशी परत काळीकुट्ट.

माझ्या मते दोष काचेत नाही, बहुधा पेलेटमध्येही नाही. दाराच्या खाचेतली ग्लास फायबरची दोरी बघा. उष्णतेनं ती चपटी आणि कडक होते. मग पंख्याच्या ओढीनं हवा जाळातून न जाता फटीतून आत शिरते, जाळ मंदावतो आणि डांबरासारखी काजळी काचेवर बसते. (नुसता राखाडी पातळ थर असेल तर घाबरू नका, ती राख.) पेलेट दमट असले तरी हेच होतं, म्हणून पोती फरशीवर नकोत, फळीवर हवीत.

खात्री करायचीय? भट्टी गार असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद सुटली तर तिथली दोरी गेली. चारही बाजूंनी असंच करा.

आणि लाइट गेली की पंखा थांबतो. मग त्याच फटीतून कार्बन मोनॉक्साईड बाहेर येतो. त्याला ना रंग, ना वास. काका तर थंडीमुळे शेडचं दार लावून आतच झोपतात. नवी दोरी बसेपर्यंत त्यांची खाट कॉमन रूममध्ये आणायला कोणाची हरकत आहे का?