थीम मेळघाटी, ताप वऱ्हाडी!

धारणीच्या घरी वॉटर-कूल्ड गेमिंग पीसी बसवायचाय? आणि तोही मेळघाट थीमचा? आयडिया झक्कास! सागवानी पॅनल, केसवर वाघाचे पट्टे, ट्यूबमधून वाहणारी हिरवीगार सिपना. मित्रमंडळी बघतच राहतील. पण बॉस, लाइट्स निवडण्याआधी मे महिना आठवा.

माठ पाझरतो, पाण्याची वाफ होते, म्हणून आतलं पाणी हवेपेक्षा गार होतं. पीसीचा लूप मात्र बंद. पंप पाणी प्रोसेसरवरच्या ब्लॉकमधून फिरवतो, रेडिएटर ती उष्णता खोलीत सोडतो. खोली ४२ अंशांवर असेल, तर पाणी त्याखाली जाणारच नाही. तेव्हा पैसे आरजीबीवर उधळू नका. मोठा रेडिएटर, दमदार फॅन घ्या. खोलीत कूलर असेल तर उत्तम, फक्त त्याचे तुषार केसवर नकोत.

पाणी कुठलं? बोअरचं तर नाहीच! खारपाणपट्ट्यातल्या मंडळींना क्षारांची करामत सांगायला नको. तयार कूलंटच भरा. तांब्याचा ब्लॉक आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर ही जोडी टाळा, धातू आतून खाल्ला जातो.

लूप जोडला की बाकी सगळं बंद ठेवून नुसता पंप २४ तास चालवा, फिटिंगखाली टिश्यू पसरा. थेंब दिसला तर तेव्हाच; नंतर दिसला तर ग्राफिक्स कार्ड गेलंच समजा. पीसी पुण्यात बनवून नेताय? मग सेमाडोहची वळणं लागण्याआधीच लूप रिकामा करा.

एवढी उस्तवार नको? चांगला एअर कूलर बसवा. वाघाचे पट्टे त्यालाही शोभतात!