स्वस्त क्यूबन सिगार: ओढण्याजोगी की मुरवण्याजोगी?

१/ क्यूबाची सिगार म्हटली की डोळ्यांपुढे येते ती लाकडी पेटी, झगमगती कागदी पट्टी आणि न परवडणारी किंमत. त्याच बेटावर स्वस्त सिगारही वळली जाते. तिच्याविषयी दोन मते आढळतात. पहिले, ती ओढण्याच्या लायकीची नाही. दुसरे, पाच-दहा वर्षे मुरू दिली की ती महागडीची बरोबरी करते. सिगारीचा इतिहास आणि तिची घडण पाहिली, तर ही दोन्ही मते टिकत नाहीत. 🧵

२/ आधी एक खुलासा. तंबाखूचा धूर घातकच असतो. सिगार महाग असली किंवा जुनी झाली, तरी त्यातील कर्करोगकारक द्रव्ये नाहीशी होत नाहीत. ज्यांच्या ओठांतील सिगार जगभर ओळखली गेली, त्या फिदेल कास्त्रो यांनीही १९८५ मध्ये ती सोडली. या थ्रेडमधला प्रश्न मोलाचा आहे: एखादी वस्तू ‘दर्जेदार’ की ‘टाकाऊ’, हे कोण ठरवते आणि कशावरून?

३/ नोव्हेंबर १४९२. कोलंबसाने क्यूबाच्या अंतर्भागात धाडलेले रोद्रिगो दे हेरेस आणि लुइस दे तोरेस परत आले. वाटेत त्यांना आपापल्या गावी जाणारे ताइनो स्त्री-पुरुष दिसले होते. त्यांच्या हातात पेटती पाने होती आणि ते त्यांचा धूर घेत होते. सिगारीची युरोपीय लेखणीने केलेली ही पहिली नोंद. ती रस्त्यावरच्या साध्या माणसांची आहे, राजदरबाराची नाही.

४/ पुढे या पानाचे मोल माद्रिदहून ठरू लागले. १७१७ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने क्यूबाच्या तंबाखूवर मक्तेदारी लादली: राजा सांगेल त्या भावाने त्यालाच विकायचे. तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १७१७, १७२० आणि १७२३ असे तीनदा बंड केले. तिसऱ्या बंडानंतर काहींना देहदंड झाला. ही मक्तेदारी उठायला १८१७ साल उजाडावे लागले.

५/ व्यापार खुला झाला आणि हवानात नामांकित छाप उदयाला आले. १८३४ मध्ये पोर लारान्यागा, १८४४ मध्ये एच. उपमान, १८४५ मध्ये पार्तागास. पानाला आता नाव मिळाले, नावाला रंगीत चित्र मिळाले आणि पेटीला प्रतिष्ठा मिळाली. येथून पुढे ग्राहक पानाइतकेच नावाचेही पैसे मोजू लागला. ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ यांतील दरी समजून घेताना हे विसरून चालत नाही.

६/ आता सिगारीच्या पोटात डोकावू. बाहेर वेष्टनाचे पान, त्याखाली बांधणीचे पान आणि आत भरण. उत्तम सिगारीत भरणाची पाने टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात. त्याला ‘त्रिपा लार्गा’ म्हणतात. त्यांतले वोलादो पान जळण सुकर करते, सेको सुगंध देते आणि लिहेरो जोर देते. लिहेरो झाडाच्या वरच्या भागातले, जाड आणि सावकाश जळणारे असते, म्हणून ते मधोमध ठेवतात.

७/ येथे बरेच जण एक गोष्ट नजरेआड करतात. पान मुरण्याची मुख्य प्रक्रिया सिगार वळण्याच्या आधीच होते. पाने वाळवतात, ढीग लावून आंबवतात, मग गठ्ठ्यांत बांधून ठेवतात. लिहेरोला या अवस्थेत दोन-दोन वर्षे काढावी लागतात. कोहिबाच्या काही पानांना तर तिसऱ्यांदा आंबवले जाते. महाग सिगारीचे बरेचसे मोल असे तिच्या जन्माआधीच्या वाट पाहण्यात असते.

८/ स्वस्त सिगारीचा मार्ग वेगळा. तिच्या पोटात पानांचे तुकडे असतात. याला ‘त्रिपा कोर्ता’ म्हणतात. होसे एल. पिएद्रा आणि किंतेरो ही या वर्गातली परिचित नावे. पिएद्राचा तंबाखू प्रतिष्ठित व्हुएल्ता आबाहोतला नसून बेटाच्या मध्यावरील व्हुएल्ता आरिबातला असतो. किंतेरोचा जन्मही हवानात झाला नाही. तो १९२० च्या दशकात सिएन्फुएगोस या बंदराच्या शहरात झाला. मात्र दोन्ही सिगारी आजही हातानेच वळल्या जातात.

९/ तुकड्यांचे भरण मुरवून काय साधते? थोडे साधते, पण फार नाही. ताज्या सिगारीतला अमोनियाचा उग्र दर्प काही महिन्यांत ओसरतो, धुराची धार कमी होते. त्यापलीकडे वर्षानुवर्षे बदलत राहण्यासाठी पानात मुळातच सत्त्व हवे, आणि ते प्रामुख्याने जाड, जोरकस, अखंड पानांत असते. हलक्या तुकड्यांतून धारेबरोबर चवही निघून जाते. दहा वर्षांनी पेटी उघडणाऱ्याच्या हाती बहुधा गुळगुळीत, पण मुकी सिगार येते.

१०/ मराठी घराला हे वेगळे सांगायला नको. जुन्या तांदळाचा भात मोकळा होतो, म्हणून त्याला मान. पण म्हणून कोणी कणी जपून ठेवत नाही. कणी त्याच हंगामात रांधायची आणि गरम असताना खायची. ती जुन्या आंबेमोहोराशी स्पर्धा करत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवणारा अखेर तिचीही चव गमावतो.

११/ तथापि ‘स्वस्त’ या एका शब्दात दोन वेगळ्या वस्तू दडल्या आहेत. एक सिगार तुकड्यांची म्हणून स्वस्त, तर दुसरी केवळ आखूड म्हणून तुलनेने स्वस्त. पार्तागास शॉर्ट्स बोटाएवढी असते, पण तिचे भरण अखंड पानांचे आणि जोरकस असते. अशी सिगार काही वर्षे ठेवली तर तिचे खरोखर सोने होते. मुरवायचीच असेल तर किंमत पाहण्याआधी भरण पाहावे.

१२/ लहान सिगारीला कमी लेखणाऱ्यांनी १९६२ ची गोष्ट आठवावी. क्यूबावरील व्यापारबंदीच्या आदेशावर सही करण्यापूर्वी जॉन केनेडी यांनी आपले माध्यम सचिव पियरे सॅलिंजर यांना हजारभर सिगारी मिळवायला सांगितले. सॅलिंजर यांनी १,२०० आणल्या आणि मगच सही झाली, अशी आठवण त्यांनी स्वतः पुढे सांगितली आहे. राष्ट्राध्यक्षांची ती आवडती सिगार होती ‘पेती उपमान’. नावातच ‘लहान’ असलेली!

१३/ स्वस्ताईचा तिसरा मार्ग यंत्राचा. १९२५ मध्ये पोर लारान्यागाने सिगार वळणारी यंत्रे आणली, तेव्हा पोटावर पाय येणार हे ओळखून कामगारांनी तिच्या मालावर बहिष्कार पुकारला. हात आणि यंत्र यांचा तो झगडा पुढे अनेक वर्षे चालला. आज ग्वांतानामेरासारख्या छापाची सिगार यंत्रावर बनते. तिच्याशेजारी ठेवून पाहिले की हाताने वळलेल्या स्वस्त सिगारीचे वेगळेपण लक्षात येते.

१४/ हे हात सामान्य नाहीत. १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांसाठी मोठ्याने वाचन करणारा ‘लेक्तोर’ बसू लागला. वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, राजकीय लेखन ऐकत पाने वळली जाऊ लागली. त्याचा मोबदला कामगार आपल्या मजुरीतून देत. माँतेक्रिस्तो हा प्रसिद्ध छाप ॲलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरीवरून आला, तो याच परंपरेच्या छायेत. २०१२ मध्ये क्यूबाने या वाचनप्रथेला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

१५/ स्वस्त सिगार ओढण्याजोगी ठरते ती इथे. परदेशी पेट्यांसाठी राबणारा कारागीर स्वतः काय ओढतो? दिवसाच्या वाट्याला आलेली, पट्टी नसलेली, ओबडधोबड ‘फूमा’. क्यूबाच्या सामान्य घरात पोहोचते तीही अशीच खरबरीत, मातीच्या वासाची सिगार. सोनेरी पट्टीची सिगार मुख्यतः परकीय चलनासाठी असते. म्हणजे क्यूबाची रोजची चव शोधणाऱ्याला ती स्वस्त सिगारीतच अधिक जवळून सापडते.

१६/ मग मुरवण्याचे वेड वाढले कशाने? १५ सप्टेंबर १९६० रोजी कारखान्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९६२ मध्ये अमेरिकेची बाजारपेठ बंद झाली. त्यामुळे त्याआधीच्या पेट्या दुर्मीळ ठरल्या. १९८५ पासून पेट्यांच्या तळाशी कारखाना आणि तारीख सांगणारे सांकेतिक शिक्के आले; आता वय वाचता येऊ लागले. १९९० च्या दशकात सिगारीची लाट उसळली आणि जुनी पेटी ही गुंतवणूक झाली. दुर्मीळतेची किंमत हळूहळू चवीची किंमत समजली जाऊ लागली.

१७/ २०२२ ने या वेडाला आणखी धग दिली. त्या वर्षी कोहिबा आणि त्रिनिदादचे भाव जगभर एका वरच्या पातळीवर आणले गेले. सप्टेंबरमध्ये इयान वादळाने पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांतात पाने वाळवण्याची हजारो कोठारे भुईसपाट केली. टंचाई आली की साठेबाजी येतेच. महाग पेटी आवाक्याबाहेर गेलेला तरुण शौकीन मग स्वस्त पेट्यांचा साठा करतो आणि वर्षांवर भरवसा ठेवतो. तो भरवसा अनाठायी आहे.

१८/ कोणी म्हणेल, दहा वर्षे जुनी स्वस्त सिगार ओढली आणि ती छान लागली. लागलीही असेल. पण ‘छान लागली’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘बोचली नाही’ एवढाच असतो. तेवढ्यासाठी दहा वर्षे आणि एका कपाटाची जागा खर्ची घालण्याचे कारण नाही. सहा महिन्यांची विश्रांती पुरते.

१९/ निवाडा असा. तुकड्यांची स्वस्त सिगार ओढण्याजोगी आहे, मुरवण्याजोगी नाही. अखंड पानांची आखूड सिगार दोन्हीला पात्र आहे. १७२३ मध्ये शेतकऱ्यांनी प्राण दिले ते आपल्या पानाचे मोल दुसऱ्याने ठरवू नये म्हणून. तीन शतकांनंतर त्याच पानाचे मोल केवळ पट्टीवरून आणि पेटीवरील तारखेवरून ठरवणे, हा त्या पानावर आणि ते वळणाऱ्या हातांवर अन्यायच आहे.

(समाप्त)