सावल्या बंद करा!

‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा खेळ २ जुलै २०२१ रोजी सुरू झाला आणि घरोघरचे चिरंजीव सैन्यात भरती झाले. या लढाईत शत्रूपेक्षा चित्राची धास्ती अधिक. चित्र अडखळले, की योद्धा गतप्राण! मग घरात एकच पालुपद: “बाबा, नवा फोन!”

आमच्या मुलुंडच्या शेजाऱ्यांचा दिवाळी बोनस असाच जाणार होता. दुकानदार हप्ते बांधून द्यायला तयारच होता. तेवढ्यात मुलाच्या मामेबहिणीने फोन हाती घेतला, सेटिंग उघडले, ‘एचडी’चे ‘स्मूथ’ केले, वेगाचा आकडा वर नेला, सावल्या बंद केल्या. खेळ पळू लागला! माळावरचे गवत आणि संध्याकाळ जरा ओकीबोकी झाली, हे खरे. पण बोनस वाचला.

यात जादू नाही. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात. खेळातले प्रत्येक चित्र फोनला त्या क्षणी काढावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवीत, तर एकेका चित्राला सेकंदाचा साठावा भाग! बोलपटाचे २४ चित्रांवर भागते, मग खेळाचे का भागू नये? कारण प्रेक्षकाला नुसते पाहायचे असते. खेळणाऱ्याने बोट फिरवले, की दृश्य तत्काळ फिरले पाहिजे.

सुबकपणा आणि वेग, दोन्हींचा खर्च एकाच खिशातून होतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके. १२८० गुणिले ७२० म्हणजे अवघे ९,२१,६००. काम निम्म्याहून कमी! तळहाताएवढ्या पडद्यावर हा फरक फारसा बोचत नाही. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर मात्र अक्षरेही पुसट होतात. म्हणून तिथे ठिपक्यांना शेवटी हात लावावा. आधी सावल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबे कमी करावीत. भिंतींचा, कापडांचा पोत सहसा तसाच ठेवावा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी पुरत असेल, तर तो कमी करून वेग फारसा वाढत नाही आणि चित्र उगाच मळकट होते. (विद्यार्थ्यांच्या निबंधातल्या उपमा काढताना मी हाच क्रम पाळतो: सावल्या आधी, पोत शेवटी.)

फोन तापला, की जिवाच्या भीतीने स्वतःच वेग उतरवतो. तेव्हा चार्जिंगला लावून खेळू नये, जाड कव्हर काढावे.

आणि वाचकहो, आपले पाऊल सुरळीत पडते, पण शत्रू मात्र इथून नाहीसा होऊन तिथे उगवतो, असे झाले तर दोष चित्राचा नव्हे; नेटवर्कचा. धावत्या लोकलमध्ये ते येते-जाते. त्यावर सेटिंगचा उपाय नाही, आणि चाळीस हजारांच्या फोनचाही नाही.