बावड्यात नको, भावा!

जिम आपण घराजवळची बघतो. दारू सोडायच्या मीटिंगचा हिशोब जरा वेगळा. कसबा बावड्यातला माझा दोस्त म्हणाला, ‘‘भावा, गावात नको. आत शिरायच्या आधी बातमी घरी पोचंल.’’ पॉइंट आहे! मिसळीच्या टेबलापासून कॉलेजच्या गेटपर्यंत सगळे ओळखीचे.

खरं तर अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा फंडाच निनावी राहण्याचा. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये दोन पिणाऱ्यांनी एकमेकांना सावरलं, त्यातून हे उभं राहिलं. फी नाही, आडनाव नाही. सोडायची इच्छा पुरते. क्लोज्ड मीटिंग फक्त दारूचा प्रॉब्लेम असणाऱ्यांची, ओपनला आई, बायको, मित्र कुणीही चालतं. पहिल्यांदा ओपनलाच जा, कुणाला तरी सोबत घेऊन. एक ग्रुप नाही रुचला तर दुसरा. (रोज भरपूर पिणाऱ्याने आधी डॉक्टर गाठावा, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते.)

पण लांब म्हणजे किती लांब? पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे, काम सॉलिड. याला तलफ येते रोज संध्याकाळी सातला, तेव्हा पुणं कुठलं गाठणार? शेवटी त्याने पलीकडच्या पेठेतली निवडली, सातचीच. बाइकवर वीस मिनिटं. हेल्मेट घालून जातो, बावडा सुटेपर्यंत काच खाली.